सेटला कळतं, सोबत्यांना कळेलच असं नाही

लिवाच्या वाळवंटात तल मोरीबच्या पलीकडे वाळूत शिरलं की मोबाइलचं नेटवर्क बघता बघता जातं. डॅशबोर्डवर ठेवलेल्या वॉकी-टॉकीच्या पडद्यावर मात्र अक्षांश-रेखांशाचे आकडे शाबूत असतात, आणि गाडी हलेल तसे शेवटचे अंक बदलतही असतात. जिथे फोन लागत नाही तिथे या सेटला आपला ठावठिकाणा कोण सांगतं? आणि सेटला तो इतका पक्का ठाऊक असेल, तर शेजारच्याच टेकाडाआड रुतलेली गाडी शोधायला बाकीच्यांना एवढा वेळ का लागतो?

संयुक्त अरब अमिरातीतल्या मराठी मंडळींना हे कोडं ओळखीचं आहे. थंडी सुरू झाली की अल बदायर, स्वेहान, लिवा अशा ठिकाणी चार-पाच कुटुंबांच्या गाड्या मिळून निघतात. पुढच्या गाडीत वाट माहीत असलेला, शेवटच्या गाडीत दुसरा जाणकार, आणि सगळ्यांकडे सेट. सेट घेताना ‘जीपीएसवाला आहे’ म्हणून चार पैसे जास्त मोजलेले असतात. त्या जास्तीच्या पैशांत नेमकं काय मिळालं, हे विचारलं तर उत्तर बहुधा ‘आता आपण कुठे आहोत ते सगळ्यांना कळतं’ असं येतं. ते अर्धंच खरं आहे. सेटच्या डब्यात दोन वेगळी यंत्रं बसवलेली असतात. जीपीएसचं यंत्र फक्त ऐकतं. रेडिओचं यंत्र ऐकतं आणि बोलतंही. पहिल्याने ऐकलेलं दुसऱ्याने बोलून दाखवलं, आणि ते कुणाच्या तरी कानावर पडलं, तरच तुमचा पत्ता दुसऱ्याला लागतो.

भोंगा कुणासाठी वाजतो?

समजा, मुंबईच्या गिरणगावातले जुने दिवस आहेत आणि सगळ्या गिरण्यांचे भोंगे सकाळी बरोबर सातच्या ठोक्याला होतात. तुमच्या हातात अचूक घड्याळ आहे. पहिला भोंगा तुम्हाला सातनंतर तीन सेकंदांनी ऐकू आला. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ती गिरणी तुमच्यापासून साधारण एक किलोमीटरवर आहे. पण कुठल्या दिशेला, ते कळत नाही. त्या गिरणीभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यावर कुठेतरी तुम्ही आहात. दुसऱ्या गिरणीचा भोंगा किती उशिरा आला यावरून दुसरं वर्तुळ काढता येतं. दोन वर्तुळं दोन जागी एकमेकांना छेदतात. तिसऱ्या भोंग्याने त्यातली एक जागा पक्की होते.

आता तुमचं घड्याळ दोन सेकंद पुढे आहे असं धरा. मग प्रत्येक गिरणी खऱ्यापेक्षा ६८० मीटर लांब भासेल आणि तिन्ही वर्तुळं एका बिंदूत भेटणारच नाहीत. ती भेटेपर्यंत घड्याळ थोडं थोडं मागे घेत गेलात, की जागाही सापडते आणि घड्याळही दुरुस्त होतं. गिरणगाव सपाट असल्यामुळे तीन भोंग्यांत काम झालं. उंचीही शोधायची असेल तर चौथा लागतो.

जीपीएस हेच करतं. भोंग्यांच्या जागी सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आहेत, आणि आवाजाऐवजी प्रकाशाच्या वेगाने येणारा रेडिओ संदेश आहे. तो आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा सातशतांश भाग लागतो. इथे एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूकसुद्धा ३०० मीटरला पडते, म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं ठेवलेली आहेत. तुमच्या सेटमध्ये मात्र मनगटी घड्याळात असतो तसला स्वस्त क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याची चूक काढून टाकायलाच चार उपग्रह लागतात. चारपेक्षा जास्त मिळाले तर उत्तर आणखी पक्कं होतं.

या सगळ्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की भोंगा कुणी ऐकला हे गिरणीला कळत नाही. उपग्रहालाही तुमचा पत्ता नसतो. ‘उपग्रहाने आपल्याला पकडलं’ असं आपण बोलतो, पण तो फक्त ‘मी अमुक जागी आहे आणि आता इतके वाजले आहेत’ एवढंच सतत सांगत असतो. म्हणूनच जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, महिन्याचं बिल येत नाही, आणि लिवातल्या वाळूतही ते चालतं. याच कारणाने जीपीएस एकटं तुम्हाला वाचवूही शकत नाही.

टायरची हवा कमी करता करता

उपग्रहाकडून येणारा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत कमालीचा क्षीण होतो. एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग करावेत, त्यातला एखादाच भाग सेटच्या वाट्याला येतो. शेजारी तुमचा रेडिओ ५ वॅटने बोलत असतो. त्यामुळे सेट कमरेला लावून त्यावर जाकीट घातलं, गाडीच्या खोक्यात टाकला, किंवा उन्हाला आळा म्हणून काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावलेली असली, तरी जीपीएस चाचपडू लागतं. जीपीएसचा अँटेना बहुधा सेटच्या वरच्या बाजूला असतो. त्याला आकाश दिसलं पाहिजे.

दुसरी अडचण वेळेची. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो. एका उपग्रहाची नेमकी कक्षा कळायला अर्धा मिनिट अखंड ऐकावं लागतं, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवून घ्यायचं तर साडेबारा मिनिटं. मोबाइलला ही माहिती इंटरनेटवरून आयती मिळते, म्हणून तो चुटकीसरशी जागा दाखवतो. वॉकी-टॉकीला ती आकाशातूनच घ्यावी लागते. महिनाभर कपाटात पडलेला सेट वाळूत गाडी अडकल्यावर पहिल्यांदा सुरू केला, तर पडद्यावर रिकाम्या रेघा दिसत राहतात आणि लोक म्हणतात, सेट बिघडला.

यावर उपाय अगदी सोपा आहे. डांबरी रस्ता संपतो तिथे सगळे उतरून टायरची हवा कमी करतात. त्याच वेळी सेट सुरू करून बॉनेटवर उभा ठेवावा. चारी टायर होईपर्यंत त्याचं ऐकून झालेलं असतं.

आता सांगायचं कसं?

आकडे मिळाले, ते पाठवायचे आहेत. इथून पुढे काम रेडिओचं.

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे ॲनालॉग सेटमध्ये आकड्यांचे सूर केले जातात. बोलून झाल्यावर बटण सोडताना ‘खर्रर्र’ असा आवाज येतो, त्यात तुमचं नाव, अक्षांश आणि रेखांश असतात. हौशी रेडिओवाल्यांत ही पद्धत एपीआरएस नावाने रूढ आहे. अमेरिकेच्या नौदल अकादमीतले बॉब ब्रुनिंगा यांनी ती घडवली. तिच्या पहिल्या रूपाचं काम त्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲपलच्या साध्या घरगुती संगणकावर केलं होतं.

या पद्धतीत एक गोम आहे. ज्या चॅनलवर बोलायचं, त्याच चॅनलवर खर्रर्रही जातं. एका संदेशाला एक सेकंद धरा. वीस गाड्यांचा ताफा असेल आणि प्रत्येक सेट दर अर्ध्या मिनिटाला आपली जागा सांगत असेल, तर तीस सेकंदांतले वीस सेकंद त्यातच गेले. मग ‘पुढे खड्डा आहे, डावीकडून या’ हे कुणाला ऐकू जाणार? म्हणून ताफा मोठा असेल तर दोन मिनिटांनी एकदा, किंवा फक्त बोलल्यानंतर जागा जाईल असं ठरवून घ्यावं. सगळे पर्याय चालू करून ठेवणारा एखादा उत्साही गडी प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याच्याकडे आधी बघावं.

डिजिटल सेटमध्ये ही कोंडी बरीच सुटते. डीएमआर नावाच्या पद्धतीत एकाच चॅनलचे वेळेनुसार दोन भाग केलेले असतात, प्रत्येकी तीस सहस्रांश सेकंदांचे, आलटून पालटून. एकात बोलणं आणि दुसऱ्यात आकडे पाठवता येतात, किंवा बोलण्यातच आकडे मिसळून जातात. दुबईत पोलीस आणि रुग्णवाहिकांसारख्या सेवांसाठी ‘नेदा’ ही सरकारी संस्था टेट्रा पद्धतीचं जाळं चालवते. टेट्रात एका चॅनलचे चार भाग असतात, आणि जागा कळवणारे छोटे संदेश बोलण्याच्या आड न येता जाऊ शकतात. नियंत्रण कक्षातल्या नकाशावर गाड्या हलताना दिसतात त्या अशा संदेशांमुळे.

संदेश मिळालेल्या सेटवर ‘दीड किलोमीटर, वायव्य’ असं काहीतरी उमटतं. हे अंतर काढायला त्या सेटलाही स्वतःची जागा ठाऊक असावी लागते. नसेल तर नुसतेच आकडे दिसतात. आणखी एक बारकावा : सेटमध्ये वेगळं होकायंत्र नसेल तर उभ्या माणसाला दिशा कळत नाही. जीपीएसला एक जागा आणि पुढची जागा मिळाली तरच आपण कुठे तोंड करून आहोत ते ठरतं. म्हणून बाण भरकटला तर वीस-तीस पावलं सरळ चालावं, तो जागेवर येतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट आवाज नीट ऐकवतात, पण एकमेकांचे आकडे वाचतीलच असं नाही. हे घरीच तपासलेलं बरं.

खळग्यातली गाडी

सुरुवातीच्या कोड्याचं खरं उत्तर इथे आहे. दोन टेकाडांमधल्या खळग्यात तुमची गाडी रुतली. डोक्यावर मोकळं आकाश आहे, उपग्रह दिसताहेत, सेटला जागा चोख ठाऊक आहे. पण रेडिओची लहर वाळूच्या डोंगरातून आरपार जात नाही. वॉकी-टॉकीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर हातात धरलेल्या दोन सेटना कागदोपत्री दहाएक किलोमीटरचा पल्ला मिळतो. वाळूच्या टेकड्यांत तो एखाद-दोन किलोमीटरवर येतो, कधी त्याहूनही कमी. तोच सेट घेऊन शंभर मीटर उंच टेकाडाच्या माथ्यावर गेलात तर रेडिओचं क्षितिज चाळीस किलोमीटरपर्यंत लांबतं.

तेव्हा अडकल्यावर खळग्यात बसून बटण दाबत राहण्यात अर्थ नाही. गाडीत कुणीतरी थांबावं, आणि एकाने पाणी आणि सेट घेऊन, गाडी नजरेआड होऊ न देता, जवळचा माथा गाठावा. तिथून एकदाच नीट सांगावं. माथ्यावरचा सेट स्वतःच्या नव्या जागेचे आकडे पाठवेल, म्हणून खाली गाडीपाशी असतानाच तिथले आकडे कागदावर उतरवून घ्यावेत.

आकाश हरवलं की सेट शेवटचे मिळालेले आकडेच दाखवत आणि कधी पाठवतही राहतो, हेही ध्यानात असू द्या. आकड्यांशेजारची वेळ बघावी. अनेक सेट ती जागतिक वेळेत दाखवतात. साडेआठ दिसले तर अमिरातीत साडेबारा वाजलेले असतात.

एका टिंबाने सौदीत

लिवाजवळचा तल मोरीब हा सुमारे ३०० मीटर उंचीचा म्हणून प्रसिद्ध असलेला वाळूचा कडा. तो साधारण २२ अंश ५९ मिनिटं उत्तर आणि ५३ अंश ४७ मिनिटं पूर्व इथे आहे. घाईत कुणी रेडिओवर सांगतं, ‘बावीस, एकोणसाठ, त्रेपन्न, सत्तेचाळीस.’ ऐकणारा मोबाइलच्या नकाशात २२.५९ आणि ५३.४७ टाकतो. नकाशा खूण दाखवतो ती मोरीबपासून पन्नासहून अधिक किलोमीटर दूर, नैऋत्येला, चक्क सीमेपलीकडे सौदी अरेबियात.

असं होतं कारण अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नाहीत. ५९ मिनिटं म्हणजे दशांशात ०.९८. सेटमध्ये आकडे दाखवण्याच्या बहुधा तीन पद्धती असतात : नुसते दशांश अंश, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा अंश, मिनिटं, सेकंद. कुठलीही चालेल, पण निघण्यापूर्वी सगळ्यांनी एकच लावावी, आणि बोलताना ‘अंश’, ‘मिनिटं’, ‘दशांश’ हे शब्द उच्चारावेत.

चौकट : वाळूत शिरण्यापूर्वी

सेट उघड्यावर पंधरा मिनिटं चालू ठेवला का? सगळ्यांची आकड्यांची पद्धत एक आहे का? एकाचे आकडे दुसऱ्याच्या पडद्यावर उमटतात हे करून पाहिलं का? जागा किती वेळाने जाणार ते ठरलं का? तातडीचं केशरी बटण तुमच्या सेटमध्ये खरोखर काही करतं का? (अनेक सेटमध्ये ते विक्रेत्याने जोडून दिल्याशिवाय चालतच नाही.) बेत आणि परतीची वेळ घरी कुणाला सांगून ठेवली का? फोन लागत असेल तर पोलिसांसाठी ९९९, समुद्रावर तटरक्षकांसाठी ९९६.

समुद्रावरचं लाल बटण

फुजैरा, खोर फक्कान, जेबेल अली ही नावं कोकणातल्या बोटीवाल्यांच्या घरांत नवी नाहीत. जागा कळणं आणि जागा सांगणं यांची सर्वांत नेटकी सांगड बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओत घातलेली आहे. त्याच्यावर झाकणाखाली लाल बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की चॅनल ७० वर जेमतेम अर्ध्या सेकंदाचा डिजिटल हाकारा जातो. आसपासची जहाजं आणि किनाऱ्यावरची केंद्रं त्या चॅनलवर सतत कान लावून असतात. कुणी पोच दिली नाही, तर सेट साधारण चार मिनिटांनी आपणहून पुन्हा हाकारतो.

त्या अर्ध्या सेकंदात काय काय मावतं? पहिल्यांदा नऊ आकडी ओळख क्रमांक. अमिरातीतल्या बोटीचा ४७० ने सुरू होतो, भारतीय बोटीचा ४१९ ने. मग संकटाचा प्रकार : आग, पाणी शिरणं, टक्कर, माणूस पाण्यात पडणं वगैरे. मग जागेचे दहा अंक. खोर फक्कानजवळ २५ अंश २१ मिनिटं उत्तर, ५६ अंश २२ मिनिटं पूर्व या ठिकाणी बोट असेल तर जातं ते ०२५२१०५६२२. पहिलं शून्य म्हणजे ईशान्य चतुर्थांश, पुढचे चार अंक अक्षांश, शेवटचे पाच रेखांश. त्यामागून वेळ.

यात सेकंद नाहीत. म्हणजे मूळ संदेशातली जागा एका मिनिटापर्यंतच नेमकी, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर. पडद्यावर तुम्हाला मीटरपर्यंत जागा दिसत असली तरी हाकाऱ्यात ती एवढीच जाते. म्हणून बटण दाबल्यावर चॅनल १६ वर येऊन तोंडाने पूर्ण जागा सांगायची असते. आणि जीपीएस जोडलंच नसेल, तर दहाच्या दहा नऊ जातात : ९९९९९९९९९९. संकट आहे हे जगाला कळतं, कुठे ते कळत नाही. ओळख क्रमांक भरलेला नसेल तर हाकारा निघतच नाही. नवा सेट आणून तारा जोडायचं राहून गेलेल्या हौशी बोटी कमी नसतात.

आकडे खोटे निघतात तेव्हा

जीपीएसचा संदेश क्षीण असतो, म्हणून त्याचा आवाज बुडवणं फार सोपं असतं. त्याच लहरीवर गोंगाट केला की परिसरातले सेट बहिरे होतात. याहून वाईट प्रकार म्हणजे खोटे संदेश पाठवणं. तेव्हा सेट गप्प बसत नाही, तो आत्मविश्वासाने चुकीची जागा दाखवतो. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्षाच्या दिवसांत होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या परिसरात असे प्रकार मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. त्याच सुमारास, १७ जूनला, खोर फक्कानच्या पूर्वेला ‘फ्रंट ईगल’ आणि ‘अडालिन’ या तेलवाहू जहाजांची टक्कर झाली. ‘अडालिन’वरच्या २४ जणांना अमिरातीच्या तटरक्षकांनी सुखरूप काढलं. प्राथमिक माहितीनुसार एका जहाजाचा मार्गाचा अंदाज चुकला, असं अमिरातीच्या ऊर्जा आणि पायाभूत सुविधा मंत्रालयाने सांगितलं. पण त्या आठवड्यांत या पाण्यातून जाणाऱ्या खलाशांना रडार, होकायंत्र आणि डोळे यांच्यावर जास्त भिस्त ठेवावी लागली.

वाळूत फिरणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच, की पडद्यावरची खूण समुद्रात किंवा विमानतळावर उड्या मारू लागली तर सेट बंद-चालू करत बसू नये. सूर्य कुठे आहे, आपण कुठल्या बाजूने आलो आणि चाकांच्या खुणा कुठे आहेत, हे बघावं.

ऐकणं मोकळं, बोलणं परवान्याचं

जीपीएस ऐकायला अमिरातीत परवाना लागत नाही. रेडिओवर बोलणं वेगळं. तिथल्या लहरींचं नियमन टीडीआरए ही संस्था करते, आणि कुठला सेट कुठल्या लहरीवर चालेल ते तिच्या नियमांत बसावं लागतं. अमेरिकेतून कुणी भेट म्हणून आणलेला जीपीएसवाला सेट ४६२ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो. तिकडे ते चालतं, म्हणून इकडेही चालेल असं धरून चालू नये. आकडे आपोआप पाठवणारा सेट तर तुम्ही गप्प असतानाही बोलत असतो.

भारतात सुटीवर जाणाऱ्यांनी आणखी जपावं. तिथे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे सेट २०१८ पासून बिनपरवाना वापरता येतात, बाकी बहुतेकांना परवाना लागतो. अमिरातीत सर्रास मिळणारा थुराया फोन किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं यंत्र भारतात परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा आहे, आणि अशा यंत्रांसह प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतल्याच्या घटना गोव्यासह अनेक ठिकाणी घडलेल्या आहेत. सामान भरताना ही यंत्रं बाजूला काढा आणि दुबईतच ठेवून जा.